वांगी शनिवारची, कांदा कुठलाही

ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी विचारतंच, "तू शेतकऱ्याची मुलगी, तुमच्याकडे सगळं ऑरगॅनिकच असेल ना? परवडतं कसं गं?" तुम्हीही परवा विचारलंत, म्हणून सांगते. सगळं घेत नाही, कारण परवडत नाही. चार माणसांच्या किराणा-भाजीचे महिन्याला 12,000 रुपये मी वेगळे काढते. एकदा हौसेने झाडून सगळं ऑरगॅनिक आणलं, तर वीस तारखेलाच पाकिटाचा तळ दिसला.

माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. ऑक्टोबर छाटणी झाली की घरात दोनच विषय, डावणी आणि भुरी, द्राक्षावरचे बुरशीचे रोग. आभाळ भरून आलं की वडील ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचे. फवारून आलेल्या माणसाने नळाखाली आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा आईचा दंडक. ते कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची. निर्यातीचा माल असला की नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि रेसिड्यूचा, म्हणजे मालात शिल्लक राहिलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट येईपर्यंत घडाला कात्री लागायची नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा तो अवघड शब्द आमच्या पारावर सगळ्यांना तोंडपाठ झाला होता. त्याच बागेच्या कडेला लावलेली वांगी मात्र कुणी कधी तपासली नाहीत. ती क्रेटात भरून थेट बाजारात.

माझा सगळा हिशोब या वांग्यावरच उभा आहे. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. ती एकदा फळात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शिरायच्या आधीच फवारावं लागतं. पुन्हा तोडा दर तीन-चार दिवसांनी. फवारणीनंतर किती दिवस काढणी करायची नाही ते बाटलीवर छापलेलं असतं, पण वांगं थांबतंय थोडंच! जून झालं की भाव गेला. मग आज फवारलं, परवा तोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पिशवीत. भेंडी, मिरची, कारली यांचीही हीच गत. शेतकऱ्याला शिव्या घालू नका. तेच औषध तुमच्या पोटात जायच्या आधी त्याच्या नाकातोंडात गेलेलं असतं. 2017 साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा कुठे वडिलांनी कुरकुर न करता मास्क लावायला सुरुवात केली.

तर मी जादा पैसे मोजते ते फवारणी आणि तोडा यांच्यामधल्या दिवसांचे. ज्या भाज्या सतत तोडल्या जातात आणि सालीसकट खाल्ल्या जातात, तेवढ्याच. शिवाय कोथिंबीर, पालक. कांदा, सुरण, लाल भोपळा, केळी, नारळ कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू आणि भारंगी मिळाली तर आणखी काय हवं, त्यांच्यावर औषध मारायला कुणाला वेळ आहे?

तांदळाचा किस्सा सांगते आणि तो माझ्यावरच आहे. पाच किलो ऑरगॅनिक इंद्रायणी आणला, नेहमीच्या जवळजवळ दीडपट भावाने. महिन्याभरात डब्यात सोंडे. सासूबाईंनी शांतपणे बोरिक पावडरची पुडी काढून माझ्या हातात दिली. "लाव, म्हणजे टिकेल." आम्ही दोघी त्या पुडीकडे बघून इतक्या हसलो! आता तांदूळ साधाच आणते, थोडा थोडा, आणि डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला.

लेबलाचं म्हणाल तर पाकीटबंद मालावर 'जैविक भारत'चं, म्हणजे ऑरगॅनिक मालाचं सरकारी, चिन्ह बघते. ते नसेल आणि नुसतं 'नॅचरल' लिहिलं असेल तर पाकीट परत फळीवर. 'रेसिड्यू फ्री' म्हणजेही ऑरगॅनिक नव्हे. तिथे औषध मारलेलं असू शकतं, फक्त शिल्लक अंश ठरलेल्या मर्यादेच्या आत असतो. मला तेही चालतं, पण ऑरगॅनिकच्या भावाने नाही.

आणि सोड्याच्या पाण्यात बुडवून सगळं निघतं असं ज्यांना वाटतं त्यांना सांगते, सालीवरचं बरंचसं निघतं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातच भिनलेलं असतं, ते कसं धुणार? धुवायचं मात्र सोडू नका.

वांगी मी शनिवारी आमच्या मैदानाजवळ टेम्पो लावणाऱ्या एका शेतकऱ्याकडून घेते. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला कायद्याने त्यातून सूट आहे, त्यामुळे कागद मागून उपयोग नाही, प्रश्न विचारावे लागतात. पहिल्याच दिवशी विचारलं, "अळीला काय करता?" म्हणाला, "कामगंध सापळे लावलेत, मादीच्या वासाला भुलून नर पतंग त्यात अडकतात. पोखरलेले शेंडे खुडून काढतो. दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, दशपर्णीही मारतो, पण तिचं काय, कधी लागू पडते, कधी नाही." हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि पिशवी पुढे केली. गेल्या श्रावणात दोन शनिवार त्याच्याकडे वांगी नव्हतीच. "अळीनं खाल्ली, ताई. दोडका घेऊन जा."

या महिन्यात लेकीची फी भरायची होती, तर गूळ आणि तूरडाळ साधीच आणली. वांगी शनिवारची, अर्धा किलो. भरली करायला पुरतात.