एकट्या प्रायमरवर भरवसा ठेवू नका

माझा भाचा अमेरिकेत मोंटानात असतो, एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी थर्टी-ऑट-सिक्स रायफलची काडतुसं घरीच भरतो, तिकडे ते रीतसर चालतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि विनापरवाना काडतुसं भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, त्यामुळे इंदूरात कुणी हा उद्योग करू नका, हे आधीच सांगून ठेवतो. माझा संबंध धातूशी. पीथमपूरच्या टूलरूममध्ये पितळ आणि मायक्रोमीटर यांच्यातच नोकरी गेली, म्हणून तो झाडलेल्या पुंगळ्यांचे (काडतुसाच्या पितळी नळकांड्यांचे) फोटो मला पाठवतो, "मामा, प्रेशर जास्त होतंय का बघ ना."

प्रेशर, म्हणजे पावडर जळताना पुंगळीत होणारा दाब, किती, तर या काडतुसाची अमेरिकेतली ठरवलेली मर्यादा ६०,००० पीएसआय आहे, आपल्या कारच्या टायरमध्ये ३२-३३ असतं. एवढा दाब सहन करणाऱ्या सगळ्या साखळीत सगळ्यात मऊ भाग पितळेची पुंगळी, म्हणून खुणा तिच्यावर उमटतात.

त्याने फोटोत प्रायमरभोवती (पुंगळीच्या बुडातली, पावडर पेटवणारी छोटी टोपी) गोल काढला होता, कारण तो चपटा झाला होता. बहुतेक लोक तिथेच थांबतात आणि मला तेच पटत नाही. चेंबरमध्ये (रायफलमध्ये काडतूस बसतं ती जागा) पुंगळीला मागे-पुढे जागा जास्त असेल तर आधी प्रायमर मागे सरकतो, मग पुंगळी ताणून मागे येते आणि त्याला परत आत दाबते, तेव्हा प्रेशर ठीक असूनही तो चपटा दिसतो. फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आदळणारी सुई) खड्ड्याभोवती कडा उठली तरी तेच, बोल्टमधलं (चेंबर मागून बंद करणारा दांडा) पिनचं भोक मोठं असलं तर साध्या लोडलाही (पावडरच्या मापालाही) उठते. आणि उलट, प्रायमर कडक असेल तर प्रेशर बरंच वर गेलं तरी त्याच्या कडा गोलगरगरीतच राहतात.

मी त्याला म्हटलं, प्रायमर सोड, बुडावरची अक्षरं झूम करून पाठव. तिथे सापडलं, कंपनीच्या नावावर एक छोटा चकचकीत गोल, कडेला थोडा ओढल्यासारखा. पितळ दाबाने बोल्टमधल्या इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर फेकणारी खिट्टी) भोकात शिरलं आणि बोल्ट फिरवताना तेच घासलं गेलं. बोल्ट उचलायला जड जातोय का विचारलं तर हो म्हणाला, आणि क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) वेग काडतुसं भरण्याच्या पुस्तकातल्या कमाल लोडच्याही वर. या तीन गोष्टी एकत्र आल्या की शंकाच नको. वेग फुकट मिळत नसतो, तो प्रेशरमधूनच येतो. आणि या खुणा दिसतात तेव्हा मर्यादा आधीच ओलांडलेली असते, म्हणून "अजून खूण नाही म्हणजे अजून पावडर चालेल" हा हिशोब फार धोक्याचा आहे.

मग कारण शोधायचं. पावडर तीच, वजन तेच, गोळी तीच, मग बदललं काय? पुंगळ्या. दुसऱ्या कंपनीची पिशवी आणली होती. मी त्याला दोन्हींतली एकेक झाडलेली पुंगळी घेऊन, जुना प्रायमर तसाच ठेवून, काठोकाठ पाणी भरून वजन करायला लावलं, आणि नवीत पाणी कमी मावलं. भिंती जाड म्हणजे आतली जागा कमी, तेवढीच पावडर कमी जागेत जळते आणि प्रेशर चढतं. हे नसतं तर पुंगळी ट्रिम न करता लांब राहिली का, गोळी थेट रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) टेकतेय का, तराजू सरकलाय का, हे एकेक करून बघायचं होतं, एका वेळी एकच बदल, नाहीतर काय सुधारलं ते कळतच नाही.

राहिलेली काडतुसं थंडीत वापरू का, तेव्हा प्रेशर कमी होईल, असं त्याने विचारलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. ज्यांच्यावर खूण आलीय त्यांचे प्रायमर पॉकेट (प्रायमर बसतो ते खळगे) सैल झालेत का बघ, नवा प्रायमर बोटाने दाबून बसत असेल तर ती पुंगळी भंगारात. न झाडलेल्या सगळ्यांच्या गोळ्या पुलरने (गोळी ओढून काढायचं हत्यार) काढ आणि या पुंगळ्यांसाठी पुस्तकातल्या सुरुवातीच्या लोडपासून परत वर ये, डब्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात लिहून, म्हणजे दोन पिशव्या परत मिसळणार नाहीत.