वरच्या मजल्यावरचं घर : ओसरी तयार, झोपाळा टांगला

कोथरूडच्या जुन्या सोसायटीतल्या आमच्या सर्वांत वरच्या फ्लॅटचं काम आता रंगात आलंय. मागच्या टप्प्यात हॉल आणि मागची खोली यांच्यातली साडेचार इंची भिंत काढली होती. ती भार घेणारी नाही, असं स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिलं आणि सोसायटीचं पत्र हातात आलं, मगच घण लावला.

फ्लॅट घरासारखा वाटत नाही याचं कारण मला वाटतं एकच : दार उघडलं की आपण थेट सगळ्यांच्या मध्ये. वाड्यात ओसरी असते, मग माजघर. आत येणारा पायरी-पायरीने आत येतो. म्हणून खर्च छतावरच्या पीओपीवर न करता पायाखाली केला. पाडलेल्या भिंतीच्या रेषेपासून आतला भाग चार-साडेचार इंच उचलून घेतला. आमच्या छताची उंची साडेनऊ फूट, त्यामुळे जमीन वर घेऊनही राहत्या खोलीला लागणारी २.७५ मीटर उंची उरते.

भराव मात्र जपून. तीन इंच विटांचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण १४० किलो, तेवढ्याच जाडीचे एएसी ब्लॉक (सिमेंटचे हलके, सच्छिद्र ठोकळे) ४५-५० किलोत बसतात. घराचा स्लॅब चौरस मीटरला २०० किलो हलता भार धरून काढलेला असतो, आणि त्यात माणसं, कपाटं सगळं आलं. वर शहाबादी फरशी. कडेला लाकडी पट्टी न मारता गोल घासलेला दगडच ठेवला. आई तिथे पाय खाली सोडून भाजी निवडायला बसते, मुलं गृहपाठ तिथेच करतात.

झोपाळ्याची कडी स्लॅबला अजिबात लावू नका, वरच्या मजल्यावर तर नाहीच. स्लॅबमधून आरपार बोल्ट नेला की गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटलं, आणि पावसाळ्यात पाणी बोल्टवरूनच खाली उतरणार. आम्ही बीम धरला. गज कुठे आहेत ते आधी स्कॅनरने पाहिलं, मग बीमच्या साधारण मध्य उंचीवर आडवं भोक, दोन्ही अंगांना पोलादी प्लेट, मधून बोल्ट, आणि प्लेटांना खाली कड्या. खालच्या बाजूचे गज ताण घेतात, तिकडे ड्रिल न्यायचंच नाही. पितळी कड्या जुन्या बाजारातून आणल्या, पण भार सगळा पोलादावर.

उकाड्याचा प्रश्न सोसायटीने गच्चीवर पांढरं चायना मोझॅक (चिनी मातीच्या टाइलच्या तुकड्यांचा थर) घातल्यामुळे बराच सुटला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहायचा, ते आता जाणवण्याइतकं कमी झालंय. चायना मोझॅक करणार असाल तर पन्हाळीकडे १:१०० उतार आणि कठड्याच्या मुळाशी गोल वाटा (कोपरा भरून केलेली गोलाई), या दोन गोष्टी मिस्त्रीकडून स्वतः उभं राहून करून घ्या.

पुढे उंबरठा आणि दिव्याचा कोनाडा. कोनाडा बाहेरच्या नऊ इंची भिंतीतच होईल, आतल्या भिंतीला तेवढी जाडी नाही. उंबरठ्याला जुनं सागवान शोधतोय. पुण्यात पाडलेल्या वाड्यांचं लाकूड कुणी नुकतंच घेतलं असेल तर भाव कळवा.