हेंडरसनचं लॉन आणि बावधनचे पांढरे गोटे

माझा भाचा नेवाडा राज्यात हेंडरसनला राहतो. लास वेगासला खेटून असलेलं गाव, चहूबाजूंनी उघडंबोडकं वाळवंट. तिथे त्याने एक जुनं घर घेतलंय, नव्वदच्या दशकातलं. पुढच्या अंगणात आठशे चौरस फूट लॉन. ते काढून खडी टाकायची असं त्याचं म्हणणं. भाचेसुनेचा ठाम विरोध. आणि दोघांनी मिळून न्यायनिवाड्याला धरलंय मला, कारण माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. आमच्या नातेवाइकांत कुणाच्या नळाचा वॉशर गेला तरी फोन मलाच येतो, त्यातलाच हा प्रकार.

मी आधी आकडे मागितले. तिथल्या पाणीपुरवठा प्राधिकरणाच्या हिशोबाने एक चौरस फूट लॉनला वर्षाला ७३ गॅलन पाणी लागतं. गॅलन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आमच्या खात्यात पिकाचं पाणी उंचीत मोजतात, शेतावर किती मिलिमीटर दिलं असं. तसं करून पाहिलं तर ७३ गॅलन म्हणजे त्या लॉनवर वर्षभरात जवळजवळ तीन मीटर पाणी. पुण्याचा अख्खा वार्षिक पाऊस ७०० ते ७५० मिलिमीटर. म्हणजे वेगासचं लॉन हिरवं ठेवायचं तर त्याला पुण्याचे चार पावसाळे एका वर्षात पाजायचे. आणि तिथे आभाळातून पडतं किती, तर साधारण १०० मिलिमीटर. आठशे फुटांचे होतात दोन लाख वीस हजार लिटर. पुण्यात राहणाऱ्यांसाठी सांगते, दहा हजार लिटरचे बावीस टँकर. लॉनऐवजी खडी आणि वाळवंटी झाडं केली तर यातलं तीन चतुर्थांश पाणी वाचतं.

ते येतं कुठून, तर कोलोरॅडो नदीतून, हूवर धरणामागच्या लेक मीडमधून. नेवाडाचा वाटा वर्षाला तीन लाख एकर-फूट. टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मांडलं तर १३. आपली खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून २९ टीएमसी साठवतात. शेजारच्या कॅलिफोर्नियाचा वाटा मात्र १९० टीएमसीच्या वर! हे वाटप १९२८ च्या कायद्यातलं. तेव्हा वेगास म्हणजे रेल्वेच्या वाटेवरचं लहानसं गाव होतं, त्याच्यासाठी कोण भांडणार? भाचा या अन्यायावर तावातावाने बोलतो. मी गप्प बसते. पुणे शहर आणि दौंड-इंदापूर यांचं खडकवासल्याच्या पाण्यावरून काय चालतं ते मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय, माहेर इंदापूरकडचं आणि सासर पुण्यातलं असल्यामुळे.

वेगासच्या हिशोबातली खरी मेख वेगळीच आहे. तिथे घरातलं सांडपाणी, म्हणजे बेसिन, न्हाणीघर, संडास सगळं, शुद्ध करून पुन्हा लेक मीडकडे सोडतात, आणि जेवढं परत केलं तेवढं पुन्हा उचलायची मुभा असते. त्यामुळे भाच्याने अर्धा तास शॉवरखाली उभं राहून गाणी म्हटली तरी नेवाडाच्या पाण्याच्या हिशोबात फारसा फरक पडत नाही. लॉनवर उडवलेलं पाणी मात्र एकदा हवेत गेलं की गेलं. म्हणून तिथल्या यंत्रणेचा सगळा डोळा लॉनवर. नव्या घरांना पुढच्या अंगणात लॉन करायला कधीच बंदी झाली. २०२१ मध्ये राज्याने कायदा केला, की दुभाजकांतली, ऑफिसांपुढची, नुसती शोभेची हिरवळ २०२६ संपेपर्यंत काढून टाकायची. राहत्या स्वतंत्र घरांना त्यातून सूट आहे, पण लॉन काढलं तर चौरस फुटामागे पैसे मिळतात. रविवारी तर पाणी घालायलाच मनाई. भाच्याचा जीव त्या अनुदानात अडकलाय असं माझं मत. त्याला ते मान्य नाही.

आता सुनेची बाजू. ती मला जास्त पटली, पण तिला हवा होता तो निकाल मी दिला नाही.

ती म्हणते, मावशी, इथे ७ जुलै २०२४ ला ४८.९ अंश तापमान होतं, वेगासचा आजवरचा उच्चांक. खडीवाल्या घरांसमोरून संध्याकाळी सातला चाललं तरी पिंढऱ्यांना झळ लागते. मुलगी खेळणार कुठे? आणि हे खरंच आहे. दगड दिवसभर तापतो आणि रात्री ते ऊन बाहेर टाकत बसतो. गवताचं तसं नाही. त्याला पाजलेलं तीन मीटर पाणी वाया जात नसतं, ते हवेत उडताना गारवा देतं. लॉन म्हणजे अंगणात चालू ठेवलेला कूलर. पण मग माझा पुढचा प्रश्न, त्या कूलरसमोर बसतं कोण? पुढच्या लॉनवर पाऊल कुणाचं पडतं? तर आठवड्यातून एकदा मशीन फिरवणाऱ्या माणसाचं. मुलगी खेळते मागे, जिथे आज नुसती तापलेली माती आहे.

लॉनमध्ये गवत कुठलं, हेही मी विचारलं. भाचा म्हणाला, बर्म्युडा. फोटो मागवला आणि हसूच आलं. सायनोडॉन डॅक्टिलॉन, आपली हरळी! गणपतीला वाहतो त्या दूर्वा. माझे वडील उन्हाळाभर कुळव घालून जिच्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडं, वेचायचे, बांधावर वाळवायचे आणि वाळल्या की पेटवून द्यायचे, तरी पुढच्या मृगाला ती हजर असायची. तिकडे तिला मशीनने कापतात, खत देतात, आणि थंडीत ती पिवळी पडते म्हणून वरून राय नावाच्या गवताचं बी फेकतात. तेव्हा भाच्याला पहिली सूचना ही, की वरवर खरवडून खडी पसरू नकोस. हरळी काशांतून फुटते, खडीतून डोकं वर काढेल. ती वाढीला लागलेली असतानाच मारावी लागते, पिवळी पडून झोपली की औषध तिच्या मुळाशी पोचत नाही.

खडीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा त्याचा बेत होता. तो मी हाणून पाडला. मातीला हवा नाही, पाणी नाही, मग झाडं कशी जगतील? अनुदानवाल्यांनाही ते चालत नाही, वरचा थर हवापाणी झिरपू देणारा असावा लागतो. त्यांची आणखी एक अट मला फार आवडली. लॉन काढलेल्या जागेपैकी निम्मी तरी जागा, झाडं पूर्ण वाढल्यावर, हिरव्याने झाकली गेली पाहिजे. म्हणजे नुसती खडी आणि कोपऱ्यात दोन निवडुंग, असलं अंगण त्यांनाही नकोय. (मध्येच प्लॅस्टिकच्या गवताचाही विषय निघाला होता. ते खडीपेक्षाही तापतं. तो विषय तिथेच संपला.)

लॉनच्या मधोमध त्याच्याकडे एक मोठं ॲशचं झाड आहे. इतकी वर्षं ते लॉनच्या पाण्यावर जगलं. लॉनचे फवारे बंद केले की दोन उन्हाळ्यांत ते झाड वाळायला लागणार; तिकडे लॉन काढणाऱ्यांची झाडं अशीच जातात. त्याला स्वतंत्र ठिबक हवं, आणि ड्रिपर खोडाशी नकोत, फांद्यांच्या घेराच्या कडेला हवेत, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात. बाकी पश्चिमेला दोन झाडं. पालो व्हर्दे चालेल, मेस्किट चालेल. मेस्किट म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी माजलेल्या वेड्या बाभळीच्या जवळच्या नात्यातलं, पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. दुपारनंतरचं ऊन झाडांनी अडवलं तर खालची खडी तापेल कशाला? आणि खडीही ढब्बू नको. तिकडे डीकंपोज्ड ग्रॅनाइट मिळतो, म्हणजे आपला मुरूमच, फक्त ग्रॅनाइटचा. दाबून बसतो, अनवाणी नाही पण चपलेने चालता येतं.

मागे मात्र दोनशे चौरस फूट हरळी लाव, मुलीसाठी. तिच्यावर रोज पाय पडणार आहेत, तेव्हा ते पाणी सत्कारणी.

हे सगळं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कसं पोचलं ते मला विचारू नका. पण इथे पुण्यात बावधनला आमच्या सोसायटीचं कोरियन कार्पेट गवताचं लॉन आहे, मार्चपासून टँकर आहेत, आणि कमिटीने ठरवलंय की लॉन उखडून पांढरे गोटे टाकायचे. "तुमचा भाचापण तेच करतोय ना मॅडम?" असं सेक्रेटरी बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले.

नाही हो. त्याच्याकडे चार इंच पाऊस पडतो. आपल्याकडे चार महिने आभाळ गळतं. पहिल्याच पावसाळ्यात त्या गोट्यांवर शेवाळ धरणार, फटींत गाळ बसणार, आणि गाळात गाजर गवत येणार, ज्याची भारतातली सुरुवातीची नोंद १९५० च्या दशकात आपल्या पुण्यातलीच आहे. वर आपल्या आवारात दोन रेन ट्री. त्यांची ती बारीक पानं पांढऱ्या गोट्यांतून काढणार कोण? माळीमामा हाताने वेचणार? त्यांनी बैठकीत तोंड उघडलं नाही, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते मला पुरेसं होतं.

कोरियन कार्पेट लाडावलेलं आहे, ते जाऊ दे, त्याबद्दल मला दुःख नाही. त्याच्या जागी साधी हरळी येऊ द्यावी. एसटीपीचं, म्हणजे सोसायटीच्या सांडपाण्यातून शुद्ध केलेलं, पाणी पुरेल तेवढं घालावं, एप्रिल-मेमध्ये तपकिरी पडली तर पडू द्यावी. मेलेली नसते ती. जूनमध्ये दोन सरी आल्या की आठवड्यात हिरवी. यावर एक आजोबा म्हणाले, "मे महिन्यात पाहुणे येतात, त्यांना काय वाटेल?" पाहुणे मे महिन्यात आंबे खायला येतात हो, लॉन बघायला नाही. हे मी मनात म्हटलं. प्रस्ताव पुढच्या बैठकीवर ढकललाय.

भाच्याचं काम ऑक्टोबरमध्ये निघेल. तिकडे झाड लावायचं ते ऊन उतरल्यावर, म्हणजे हिवाळाभर मुळं धरतात. हरळीचा बंदोबस्त त्याआधी, ती हिरवी असतानाच. मग ठिबकच्या नळ्या, मग खड्डे आणि झाडं, आणि मुरमाचा ट्रक सगळ्यात शेवटी. त्याला ट्रक आधी बोलवायचा होता, सवलत चालू आहे म्हणून. म्हटलं, पसरलेला मुरूम बाजूला करून नळ्या पुरायच्या असतील तर खुशाल बोलव, पण तिकडची मजुरी डॉलरमध्ये असते हे भाचेसुनेला आधी सांग.