तुम्ही विचारलंत म्हणून: तो व्हायरस परत येतो का?

हिपॅटायटिस सी, म्हणजे व्हायरसमुळे होणाऱ्या लिव्हरच्या आजारातून बरा होऊन मला बरीच वर्षं झाली, तरी कोणी ना कोणी विचारतंच, की अहो ते खरंच गेलंय का, का आत कुठेतरी लपून बसलंय? ज्यांच्या घरात हा आजार आहे ते फार काळजीने विचारतात, म्हणून नीट लिहितो.

मला तो बहुतेक १९८६ च्या ऑपरेशनला चढवलेल्या रक्तातून आला. व्हायरस सापडलाच १९८९ ला, मग त्याआधी रक्त तपासणार कसं. कळलं २००८ मध्ये, जीनोटाइप ३, म्हणजे या व्हायरसच्या प्रकारांपैकी तिसरा. मग २४ आठवडे पेग इंटरफेरॉन, दर शनिवारी रात्री पोटात इंजेक्शन, म्हणजे ताप-थंडी रविवारी घरीच निघायची, आणि रोज रिबाव्हायरिनच्या गोळ्या. हिमोग्लोबिन घसरलं, जिन्यात मध्येच बसायचो, केस गेले, पण सगळ्यात वाईट म्हणजे मन, काही कारण नसताना रडू यायचं, मुलांवर ओरडायचो आणि डॉक्टरांपासून लपवायचो. बायकोनेच त्यांना सांगितलं म्हणून वेळेत औषध मिळालं.

शेवटच्या इंजेक्शनला व्हायरस दिसत नव्हता, पण डॉक्टर म्हणाले पेढे आत्ता नकोत, सहा महिन्यांनी, कारण परत यायचा तर बहुतेक तेवढ्यातच येतो. ते सहा महिने इंजेक्शनांपेक्षा जड गेले हो. मग आरएनए टेस्ट, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष व्हायरस आहे का ते बघणारी, निगेटिव्ह आली, यालाच एसव्हीआर म्हणतात, आणि तो मिळालेल्या शंभरातले जवळपास ९९ जण पुढेही निगेटिव्हच राहतात. हिपॅटायटिस बी चा व्हायरस पेशीच्या केंद्रकात ठाण मांडतो, सी ला ते जमत नाही, म्हणून तो मुळासकट जातो. नव्याने लागण मात्र होऊ शकते.

अँटीबॉडी टेस्ट, म्हणजे शरीराने व्हायरसविरुद्ध काही बनवलंय का एवढंच बघणारी, बरं झाल्यावरही सहसा पॉझिटिव्हच येत राहते. मोतीबिंदूच्या वेळी एका हॉस्पिटलात तेवढंच बघून फाइलवर लाल शिक्का मारला, आरएनएचा रिपोर्ट कोणी हातात घेईना. फार लागलं ते मनाला. तुम्ही तो रिपोर्ट जपून ठेवा आणि वाचायलाच लावा.

आता इंटरफेरॉनची गरजच उरली नाही, बहुतेकांचं १२ आठवड्यांच्या गोळ्यांत भागतं, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफतही मिळतात. माझ्या लिव्हरला सिरॉसिस, म्हणजे व्रण पडून ते कडक होणं, आधीच झालेला, म्हणून व्हायरस गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो, पुढची दिवाळीनंतर आहे.