भाच्याचा लॅपटॉप: विंडोज ठेवायचं का मिंट टाकायचं?

मागच्या आठवड्यात उदगीरहून ताईचा फोन आला, पोराला नांदेडला हॉस्टेलवर लॅपटॉप लागायलाय, नवीन घ्यावं तर सोयाबीनला भाव नाही, तुझा जुना पडून आहे का. म्हणलं आहे की, देतो. फोन ठेवून पाच मिनिटं झाली नाहीत तर भाच्याचा मेसेज, "मामा गेम चालतील ना? विंडोज ठेवता का लिनक्स टाकता?" लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, मिंट हा तिचाच एक प्रकार. आता हा प्रश्न लै जण विचारतात म्हणून सविस्तरच लिहितो.

लॅपटॉप 2018 चा. प्रोसेसर इंटेलचा आय5 सातव्या पिढीचा, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं जीटीएक्स 1050 4 जीबीवालं, रॅम 8 जीबी, नंतर एक एसएसडी टाकलेली. गाडी अजून चांगली पळते, पण विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आपला एका पायरीनं खाली राहिला. आणि विंडोज 10 चा फुकट सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला, नाव नोंदवलं तर सिक्युरिटी अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, बस. चांगलं मशीन हाताशी असून त्याला म्हातारं ठरवलं जातं याचा मला खरंच राग येतो, कारण आमच्याकडं एक लॅपटॉप तीन घरं फिरतो.

दुकानात गेलात तर कुणीही म्हणंल 500 रुपयात इलेव्हन टाकून देतो. दोन वर्षाखाली मी दुसऱ्या एका लॅपटॉपवर असंच दुकानातून विंडोज टाकून आणलं होतं. लायसनशिवाय विंडोज चालवणारा ॲक्टिव्हेटर मारलेला, विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर बंद करून ठेवलेला, आणि मला ते कळलं कधी, तर स्टीमचं (गेम विकत घ्यायचं ऑनलाइन दुकान) अकाउंट दुसऱ्याच देशातून लॉगिन झालं तेव्हा. सात वर्षात जमवलेले गेम होते त्याच्यात. अकाउंट मिळालं परत, पण ते चार दिवस जेवण गोड लागलं नाही. तेव्हापासून दुकानातलं विंडोज नको म्हणजे नकोच.

तर भाच्याला म्हणलं आधी गेमची यादी पाठव. ऑपरेटिंग सिस्टीम नंतर. त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून फोटो पाठवला: व्हॅलोरंट, जीटीए फाईव्ह, काउंटर स्ट्राइक 2, राजी. (राजी बघून लै बरं वाटलं, पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 2020 चा गेम आहे, आपल्या पोरांनी खेळायलाच पाहिजे.)

या यादीतच उत्तर असतं. लिनक्सवर गेम चालत नाहीत हे आता जुनं झालं. 2018 मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीनं विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, ते वाइन नावाच्या त्याच कामाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर उभं आहे, आणि विंडोजचा गेम ग्राफिक्ससाठी डायरेक्टएक्सच्या भाषेत जे मागतो ते डीएक्सव्हीके नावाचा भाग मधल्यामध्ये व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सला कळणाऱ्या भाषेत, फिरवून देतो, गेमला पत्ताच नसतो की आपण विंडोजवर नाहीत. 2022 ला आलेलं स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्हचं हातात धरून खेळायचं मशीन, सगळं याच्याच जिवावर चालतं. स्टीममध्ये गेलं, सेटिंगमध्ये सगळ्या गेमसाठी प्रोटॉन चालू केलं, की झालं. राजी माझ्याकडं मिंटवर पहिल्या झटक्यात चालू झाला. काउंटर स्ट्राइक 2 तर थेट लिनक्सचाच येतो.

अडतं कुठं, तर अँटीचीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, जाऊन बसतं, लिनक्सवर त्याला बसायला जागाच नाही, म्हणून कितीही डोकं फोडलं तरी तो गेम तिथं चालणार नाही. फोर्टनाइटचंही तेच. एपेक्स लेजंड्स चालायचा, पण 2024 च्या शेवटी कंपनीनं लिनक्स बंद केलं. जीटीएची स्टोरी चालते, पण 2024 मध्ये ऑनलाइनला बॅटलआय नावाचं अँटीचीट लावलं तेव्हापासून लिनक्सवाले ऑनलाइनच्या बाहेर. म्हणून सांगतो, एकटं खेळणाऱ्यानं बिनधास्त लिनक्स घ्यावं, पण मित्रांसोबत रोज रात्री ज्या गेमवर बसायचंय तो लिनक्सवर चालतो का ते आधी प्रोटॉनडीबी या साइटवर बघून घ्यावं. हॉस्टेलवर सगळी रूम व्हॅलोरंट खेळायली आणि आपलं पोरगं नुसतं बघत बसलंय, हे मला चालणार नाही.

मॅकचं विचारू नका, 2019 च्या कॅटलिनापासून 32 बिटवाले जुने गेमही त्याच्यावर बंद झाले, आणि तेवढे पैसे कुणाकडं आहेत.

मग ठरवलं, दोन्ही टाकायचे. विंडोज 10 ओरिजिनल लायसनचं होतंच, त्याच्या शेजारी लिनक्स मिंट 22. शनिवारी दुपारी बसलो, लाईट दोनदा गेली, बॅटरी अर्धा तास टिकते म्हणून इन्व्हर्टरवर चार्जर लावून बसावं लागलं. मिंट वीस मिनिटात बसलं. जीटीए लावला तर चित्र अडखळायलं, दहा-बारा एफपीएस, म्हणजे सेकंदाला दहा-बाराच चित्रं. म्हणलं काहीतरी चुकायलंय. बघितलं तर गेम इंटेलच्या ग्राफिक्सवर चालायलेला, एनव्हिडियाचं कार्ड झोपलेलंच. ड्रायव्हर मॅनेजर उघडलं, जिथं रिकमेंडेड लिहिलंय तो ड्रायव्हर टाकला, त्यानं एक पासवर्ड ठेवायला लावला, मी ठेवला आणि रीस्टार्ट केलं. आता इथं नीट लक्ष द्या. चालू होताना एक निळी स्क्रीन येते, 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' लिहिलेली, कुठलंही बटण दाबायला दहाच सेकंद असतात. मी चहा आणायला उठलो होतो, गेली निघून. ड्रायव्हर बसला पण चालूच होईना, कारण सिक्युअर बूट, म्हणजे ओळख नसलेलं काही चालू होऊ न देणारं लॅपटॉपचं कुलूप, त्याला आत येऊ देईना, आणि ती ओळख त्या निळ्या स्क्रीनवरच द्यायची असते. एक तास गेला माझा त्याच्यात. परत ड्रायव्हर टाकला, यावेळी समोरच बसून राहिलो, एनरोल एमओके निवडलं, मघाचा पासवर्ड दिला, मग खाली कोपऱ्यात एनव्हिडियाचं चिन्ह आलं. जीटीए परत लावला तर मीडियम सेटिंगवर पन्नासच्या वर. पहिल्यांदा शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत थोडं अडकतं, घाबरायचं नाही.

दुसरं एक. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंदच करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) धरून बसतं, आणि मिंटमधून त्याच्यावर काही लिहिता येत नाही. आणि विंडोजच्या ड्राइव्हवरचेच गेम मिंटमधून चालवू, 100 जीबी परत कशाला डाउनलोड करू, हा विचार मीही केला होता, पण प्रोटॉनला ते पार्टिशन मानवत नाही, गेम मध्येच बंद पडतात. मिंटच्या गेमला वेगळं पार्टिशन द्या. डेटा जास्त जातो हे मान्य, हॉस्टेलला वायफाय आहे म्हणून निभलं.

8 जीबी रॅममध्ये मिंट हलकं वाटतं, फॅन कमी ओरडतो, आणि नांदेडचा उन्हाळा बघता ते मला महत्त्वाचं वाटतं. म्हणून चालू केल्यावर जी यादी येते तिच्यात मिंट वर ठेवलंय, विंडोज खाली. भाच्याला सांगितलंय, विंडोजमध्ये फक्त व्हॅलोरंट, बँकेचं काही उघडायचं नाही, फॉर्म भरायचे नाहीत, कॉलेजचं सगळं मिंटमध्ये. तो म्हणला, "हाव मामा, पण टायमर जरा वाढवा, मला निवडायला वेळ लागतो." दहाचे तीस सेकंद केले. रविवारी येतोय न्यायला.