‘ऑपरेशन बिघडलं होतं का?’

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लग्नात, वाचनालयात, भाजी घेताना हाच प्रश्न येतो: “मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं ना तुमचं?” उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. तोवर दुसरं कुणीतरी शिबिरात डोळा गमावलेल्या ओळखीच्या माणसाची हकिगत सुरू करतं. म्हणून एकदाच सगळं सांगते.

माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं नाही. लेन्स जागेवर आहे. त्या डोळ्याने मी चष्मा लावून रोज पेपर वाचते. डोळ्याच्या आत काही झालंच नव्हतं. सूज आली ती डोळ्याभोवती, खोबणीत, आणि ती आली भुलीच्या इंजेक्शनात मिसळलेल्या एका औषधामुळे. मी डोक्यावरून आंघोळ केली नव्हती, दही खाल्लं नव्हतं, वाकून केर काढला नव्हता. हेसुद्धा सांगावं लागतं, कारण सहानुभूती दाखवायला आलेली माणसंही आधी माझी चूक शोधतात.

माझा मोतीबिंदू जुना आणि कडक होता, नुसते भुलीचे थेंब टाकून काढण्यातला नव्हता. अशा वेळी डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन डोळा बधिर आणि स्थिर करतात. त्या सिरिंजमध्ये लिग्नोकेन, बुपिव्हॅकेन ही भुलीची औषधं आणि बरेचदा हायल्युरोनिडेझ नावाचं एन्झाइम असतं. पेशींच्या मधल्या जागेत जे हायल्युरोनिक ॲसिड असतं ते हे एन्झाइम तोडतं, आणि भूल खोबणीत लवकर पसरते. ते ॲसिड पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं १९३४ मध्ये, तेही गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून. एन्झाइम मात्र बहुधा मेंढ्याच्या नाहीतर बैलाच्या वृषणातून मिळवतात. म्हणजे आपल्या शरीराला ते परकं प्रथिन. पहिल्या डोळ्याच्या वेळी शरीराने त्याची ओळख करून घेतली, दुसऱ्याच्या वेळी त्याच्यावर तुटून पडलं. तेव्हा “पहिला डोळा तर छान झाला होता” हा तुमचा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे.

त्या रात्रीबद्दल मी फारशी बोलत नाही.

संध्याकाळी पट्टी लावून घरी आले तेव्हा थोडं ठसठसत होतं. जेवणानंतर पट्टीच्या आत कुणीतरी मुठीने डोळा बाहेर ढकलतंय असं वाटायला लागलं. मुलाने दवाखान्यात फोन केला. पलीकडच्या आवाजाने दुखण्याची गोळी घ्यायला सांगितली, सकाळी या म्हणाला. गोळीने काही झालं नाही. मी रात्रभर उशांना टेकून बसून राहिले, कारण आडवं झालं की दाब वाढायचा. सकाळी तिथल्या मुलीने पट्टी काढली आणि काही न बोलता डॉक्टरांना बोलवायला गेली. मुलाने मला आरसा दिला नाही. पापण्या जांभळ्या झाल्या होत्या, त्यांच्या फटीतून डोळ्याचा पांढरा भाग फुगून बाहेर आला होता, हे मला नंतर कळलं. डॉक्टर म्हणाले, वर बघा. मी बघितलं असं मला वाटलं, पण डोळा हललाच नव्हता.

तेव्हा म्युकरची लाट नुकती ओसरली होती. २०२१ मध्ये आपल्याकडे कोविडनंतर किती मधुमेही माणसांचे डोळे काढावे लागले, ते सगळ्यांनी जवळून पाहिलेलं. मलाही मधुमेह आहे. बाहेरच्या बाकावर माझी जाऊ “काळी बुरशी” म्हणाली आणि ते मला आत ऐकू आलं. त्या क्षणी मी डोळ्याचा विचार सोडून दिला होता. फक्त जगू द्या, असं मनात चाललं होतं.

डॉक्टरांनी लाल टोपणाची बाटली एकदा या डोळ्यासमोर, एकदा त्या डोळ्यासमोर धरली. लाल रंग दोन्हीकडे सारखाच दिसतो का, पुन्हा पुन्हा विचारलं. डोळ्याच्या मज्जातंतूवर दाब आला तर पहिल्यांदा रंग फिके होतात. सारखाच दिसत होता. ताप नव्हता. सी.टी. स्कॅनमध्ये रक्त नव्हतं, पू नव्हता, नुसती सूज होती. तरी पेच होताच. जंतुसंसर्ग असेल तर स्टेरॉईड घातक, ॲलर्जी असेल तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. त्यांनी अँटिबायोटिक चालू ठेवून सलाईनमधून स्टेरॉईड दिलं, माझी साखर चढणार हे ठाऊक असूनही. दुसऱ्या दिवशी पापणी किलकिली झाली. त्यांनी वेळेवर धोका पत्करला, हे मी कधीही नाकारणार नाही. आणि रात्रीच्या त्या फोनचा राग अजून गेलेला नाही, हेही खरं.

पुढे हातावर प्रत्येक औषधाची वेगवेगळी चाचणी झाली. लिग्नोकेनच्या जागी काही उठलं नाही, हायल्युरोनिडेझच्या जागी लाल गांध उठली. डॉक्टरांनी विचारलं, कधी मधमाश्या चावल्यात? मधमाशीच्या विषातही याच जातीचं एन्झाइम असतं. शाळेच्या सहलीत गडावर आग्या मोहोळ उठलं होतं, मुलांना खाली काढताना मला खूप डंख बसले होते. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही.

तेव्हा मी घरी तावातावाने म्हणत होते: हे औषध वापरतातच कशाला? आधी चाचणी का नाही केली? संमतीपत्रावर “क्वचित ॲलर्जी” छापलं होतं आणि खाली माझी सही होती. पण चष्मा काढून ठेवलेल्या माणसाला कागद पुढे करणं म्हणजे विचारणं नव्हे. हे माझं मत आजही तेच आहे. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत १९९८च्या सुमारास या एन्झाइमचा तुटवडा पडला, तेव्हा मोतीबिंदूनंतर एकाचे दोन दिसण्याच्या तक्रारी काही डॉक्टरांनी नोंदवल्या होत्या. भूल नीट न पसरता एका जागी साचली तर डोळ्याच्या स्नायूंना इजा होत असावी, असा त्यांचा कयास. म्हणजे मला ज्याने छळलं तेच इतरांना सांभाळत असेल. मग तेव्हाच्या मला मी काय सांगू? गप्प बस, असं मला सांगवत नाही.

आता माझ्या पाकिटात कार्ड असतं, औषधाचं नाव मोठ्या अक्षरात. भाचीलाही बजावलंय की मावशीच्या तोंडावर कधी फिलर, म्हणजे सुरकुत्या भरायचं हायल्युरोनिक ॲसिडचं इंजेक्शन, बसवायचं मनात आणू नका, कारण ते विरघळवायला हेच एन्झाइम टोचतात.

खरा त्रास वेगळाच आहे. शेजारच्या वहिनींनी माझा तो चेहरा पाहिला आणि स्वतःचं ऑपरेशन पुढे ढकललं. असं फार क्वचित होतं, वेळेवर कळलं तर उतरतं, हे मी त्यांना अनेकदा समजावलंय. त्या मान हलवतात आणि विचारतात, “पण तुम्हाला झालं ना?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्यांचा मोतीबिंदू कडक होत चाललाय. जितका कडक होईल तितकी इंजेक्शनाची गरज वाढेल, हे परवाही सांगितलं. सोमवारची वेळ घेतली आहे. आल्या तर मी बरोबर जाणार आहे आणि त्यांच्यादेखत डॉक्टरांना विचारणार आहे की सिरिंजमध्ये काय काय घालणार.