डावखुरा

शुक्रवारची मॅच होऊन चार दिवस झाले, पण चौथ्या क्वार्टरमधली ती एक शिट्टी अजून डोक्यातून जात नाही.

मी ओहायोत राहतो. दिवसा ऑफिस आणि ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत शुक्रवारी रात्री हायस्कूल फुटबॉलची पंचगिरी. फुटबॉल म्हणजे इथला, लंबगोल चेंडूचा. आम्ही पाच पंच असतो आणि मुख्य रेफरीची पांढरी टोपी माझ्या डोक्यावर. पास फेकताना बाकीचे चौघे मैदानभर पांगलेल्या खेळाडूंवर नजर ठेवतात, माझी नजर पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर. त्याच्या हातून चेंडू सुटला तर तो पास होता की फम्बल, म्हणजे नुसता निसटलेला चेंडू, हे बहुतेक वेळा मी एकटाच सांगायचं.

नियम मला मनापासून आवडतो, कारण तो चेंडूकडे नाही, हाताकडे बघतो. फेकायच्या इराद्याने हात चेंडूसकट पुढे निघाला की पास सुरू झाला. मग कोणी फटका मारला आणि चेंडू उलटा चार यार्ड मागे जाऊन पडला, तरी तो पुढे फेकलेला पासच. जमिनीला लागला की इनकम्प्लीट, पास फुकट, खेळ थांबला. पण चेंडू आधी निसटला आणि नंतर रिकामा हात पुढे गेला, तर फम्बल, जो उचलेल त्याचा. लोक मात्र चेंडू कुठे पडला तेवढंच बघतात. वर कोणीतरी ‘टक रूल’ म्हणून ओरडतंच. तो नियम एनएफएल या व्यावसायिक लीगचा: फेकायला पुढे नेलेला हात परत अंगाशी घेताना चेंडू निसटला, तरी तो पासच. जानेवारी २००२ मध्ये फॉक्सबरोच्या बर्फात क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातून सुटलेला चेंडू त्याच नियमाने फम्बलचा पास झाला होता. २०१३ मध्ये एनएफएलनेच तो काढून टाकला. हायस्कूलच्या नियमांत तो नाहीच. हे स्टँडमध्ये जाऊन कोणाकोणाला समजावणार?

हात दिसायचा तर उभं राहायची जागा बरोबर लागते. मी क्वार्टरबॅकच्या दहा-बारा यार्ड मागे, त्याच्या फेकणाऱ्या हाताच्या बाजूला उभा राहतो. मॅचआधी दोन्ही कोचना विचारतोच, ‘तुमचा क्वार्टरबॅक उजवा की डावा?’ त्या दिवशीही विचारलं होतं. दोघेही उजवे.

१४-१३ असा स्कोअर, शेवटची चार मिनिटं. पुढे असलेल्या टीमच्या क्वार्टरबॅकचा पाय मुरगळला आणि बदली मुलगा आला. पहिल्या दोन प्रयत्नांत त्याने चेंडू नुसता दुसऱ्याच्या हातात दिला. मग तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, अजून आठ यार्ड पुढे जायचं बाकी, आणि तो फेकायला मागे सरकला. तो डावखुरा होता. मी सवयीने उजवीकडेच उभा होतो.

मला त्याचा खांदा वळताना दिसला. डावीकडून समोरच्या टीमचा बचावपटू, लाइनबॅकर, येऊन आदळताना दिसला. चेंडू दिसला तो थेट मुलाच्या पाठीमागून बाहेर पडताना. मधला अर्धा सेकंद, ज्यासाठी मला तिथे उभं केलंय, तो त्याच्या अंगाआड गेला. चेंडू जमिनीला टेकला आणि मी शिट्टी मारून हात आडवे हलवले. इनकम्प्लीट.

लाइनबॅकरने चेंडू उचलला होता. पुढे चाळीस यार्ड मोकळं मैदान.

त्याचा कोच ओरडला नाही. एवढंच म्हणाला, ‘सर, तुम्ही हात बघितलात का?’ मी म्हणालो, ‘कोच, हात पुढे येत होता.’ मी खांदा बघितला होता.

मॅच १४-१३ अशीच संपली. पार्किंगमध्ये आमच्या पाचांतला लाइन जज गाडीत बॅग टाकता टाकता म्हणाला, ‘खरं सांगू? मला हात रिकामा वाटला रे.’ तेव्हाच का नाही बोलला? पांढऱ्या टोपीसमोर तोंड उघडायचं नाही ही आमच्याकडची रीत मला पहिल्यापासून पटत नाही, आणि त्याचं गप्प राहणंही पटलं नाही.

पण तो बोलला असता तरी काय झालं असतं? चेंडू मोकळा असताना चुकून शिट्टी गेली, तर हायस्कूलच्या नियमात निवड शेवटी चेंडू ज्यांच्या ताब्यात होता त्यांची: ताबा सुटला तिथून पुढे खेळा, किंवा तोच डाउन पुन्हा घ्या. म्हणजे मी चूक कबूल केली असती, तर ज्यांचा टचडाउन, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळणारे गुण, गेला त्यांना काहीच मिळालं नसतं आणि समोरच्यांना तिसरा डाउन परत मिळाला असता. माझ्या चुकीच्या निर्णयावर त्यांना निदान चौथ्या डाउनला पंट तरी मारावा लागला, म्हणजे लाथेने मारून चेंडू सोडावा लागला. शिट्टी तोंडात धरून थांबलो असतो, तर लाइनबॅकर धावून गेल्यावरही आम्ही पाच जण एकत्र येऊन पास की फम्बल ठरवू शकलो असतो. गेलेली शिट्टी परत घेता येत नाही, हे मी नव्या पंचांना दर वर्षी शिकवतो.

शनिवारी मॅचची फिल्म आली. एकेक फ्रेम पुढे-मागे करून बघितली. एका फ्रेममध्ये चेंडू हातात आहे, कोपर कानाच्या मागे. पुढच्या फ्रेममध्ये हात आणि लाइनबॅकरचा पंजा मिळून एक पुसट डाग. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये चेंडू हवेत. पास की फम्बल, ते त्या डागात आहे.

फिल्म तशीच पुढे जाऊ दिली. लाइनबॅकर चेंडू घेऊन पाच-सहा पावलं धावतो, शिट्टी कळते तसा थांबतो, मागे वळून माझ्याकडे बघतो. मग चालत येऊन चेंडू माझ्या हातात देतो.